अन्ननलिकेची गळती: स्टेंट, स्पंज की क्लिप?

कर्करोगाच्या ऑपरेशननंतर अन्ननलिकेचा जोड गळू लागला किंवा जोराच्या उलटीने ती फाटली, तर पूर्वी बहुधा छाती पुन्हा उघडावी लागे. आता बऱ्याच रुग्णांचं तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) भागतं. जळगाव-धुळ्याहून मुंबईला किंवा नंदुरबारहून सुरतला पेशंट नेलेल्या घरच्यांपुढे डॉक्टर साधारण तीन उपाय ठेवतात.

छिद्राच्या कडा चिमटून धरणाऱ्या क्लिपचं काम लवकर आटोपतं. पण छिद्र ताजं, साधारण २ सेंटिमीटरच्या आतलं हवं. कडा सुजलेल्या, कुजलेल्या असतील तर क्लिप धरत नाही.

खरा पेच स्टेंट की स्पंज हा. आवरण असलेला धातूचा स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, आतून छिद्र झाकतो आणि साधारण ४ ते ६ आठवड्यांनी काढतात. पेशंट लवकर पातळ घेऊ लागतो, तब्येत ठीक असेल तर मधल्या काळात घरीही जातो. पण स्टेंट सरकू शकतो, आणि अन्ननलिकेबाहेर साचलेला पू काढत नाही. त्या पुवाला वेगळी वाट न देता नुसता स्टेंट टाकणं म्हणजे ओल मुरलेल्या भिंतीला वरून गिलावा.

स्पंज नेमका पुवावरच काम करतो. नाकातून घेतलेल्या नळीच्या टोकाचा फोमचा तुकडा छिद्रापाशी किंवा थेट पू साचलेल्या पोकळीत ठेवून यंत्राने सतत ओढ देतात. पू निघतो, पोकळी आक्रसते, नवं मांस धरतं. गळती बंद करण्यात तो स्टेंटपेक्षा सरस दिसला आहे, मात्र बरेचसे अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत. तो दर ३ ते ५ दिवसांनी बदलावा लागतो. अन्न तोवर आतड्यात सोडलेल्या नळीतून. पोकळी महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) लागून असेल तर रक्तस्रावाची भीती मोठी.

म्हणजे स्पंज लावला तर भुसावळहून गाडी धरून ये-जा जमत नाही. तिथेच काही आठवडे मुक्काम. खोलीभाडं, बुडालेली मजुरी, त्यात ऐन कापूस वेचणी असली तर 'स्टेंट टाका, घरी जाऊ' असं तोंडावर येतंच. सीटी स्कॅनमध्ये पुवाची पोकळी दिसत असेल तर माझ्या मते तसं म्हणू नये. पोकळी नसेल, ताप नसेल, तर स्टेंट चालेल. पण छातीत दुखलं, ताप आला किंवा घास अडकला तर कुठे धावायचं ते निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. महात्मा फुले योजनेत काय बसतं, तेही रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तेव्हाच विचारा.

जोडाचा भागच सडला असेल, तर यातलं काहीच पुरत नाही. तिथे ऑपरेशनच.