बाळाला दूध ओढता येत नसेल तर: बोंडलं, दाबायची बाटली की झडपेची?

फार्मसीत जाऊन ‘बाळ ओढत नाही’ म्हटलं की कुणीतरी मोठ्या भोकाचं निपल सुचवतंच. सुईने भोक वाढवण्याचा सल्लाही मिळतो. दोन्ही नको. दूध भसकन येतं आणि बाळ गुदमरतं.

आधी कारण बघा. टाळू दुभंगलेली असेल तर तोंडात निर्वात पोकळीच तयार होत नाही. साध्या बाटलीशी झुंजून बाळ दमतं, पोट मात्र रिकामंच. नुसता ओठ फाटलेला असेल तर बरीच बाळं अंगावर पितात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं निराळं आहे: ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसायला लागतो.

या अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. गिळणं सुरू झालंय असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच, त्याआधी नळी. इस्पितळात त्याच घाटाची पलाडाई वापरतात. खाचखळगे नाहीत, झाकण-वॉशर नाही, उकळलं की झालं. दूध सांडतं, हा दोष. आणि एक धोका: घाईत ओतायचं नाही. कड ओठाला टेकवून बाळ घोट घेईल तेवढंच द्यायचं. टाळूच्या बाळालाही यातून पाजता येतं, पण दुधाचं माप वाढलं की पाजणाऱ्याचा कस लागतो.

दाबायची मऊ बाटली स्वस्त आणि सोपी. मात्र दूध किती जाणार हे पाजणाऱ्याच्या बोटांवर. बाळ चोखेल तेव्हा हलकेच दाब, थांबेल तेव्हा सोड. आईचा हात यावर बसतो. पण दिवसा आजी, रात्री बाबा असं घर असेल तर प्रत्येकाचा दाब वेगळा.

म्हणून टाळू दुभंगलेली असेल आणि खर्च झेपत असेल तर मी झडपेची बाटली घेईन. एकतर्फी झडपेमुळे निपलात आलेलं दूध मागे जात नाही, बाळाने हिरड्यांनी नुसतं चावलं तरी तोंडात येतं. पिजन कंपनीच्या निपलाची एक बाजू जाड असते, ती टाळूकडे ठेवायची. डॉक्टर ब्राउन्स कंपनीच्या बाटलीत निपलाखाली झडप बसवतात, दाबायचं काहीच नाही. मेडेलाचं स्पेशल नीड्स फीडर मँडी हॅबरमन या ब्रिटिश आईने स्वतःच्या मुलीला ओढता येईना म्हणून घडवलं. त्याच्या निपलावर तीन लांबीच्या रेषा आहेत. नाकाखाली जी रेषा येईल तिच्याप्रमाणे धार कमी-जास्त होते, आणि अगदीच अशक्त बाळासाठी निपल दाबताही येतं. सोयींत हे सरस, किमतीत जड.

यांची अडचण सुट्या भागांची. झडप इवलीशी, धुताना मोरीत गेली की बाटली निकामी. गोव्यात काणकोण-सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यात राहत असाल तर जादा झडप आधीच मागवून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे काही वाळत नाही, तेव्हा ओल्या झडपा डब्यात बंद करू नका. जाहिरातीची वाट बघू नका: १९९२च्या कायद्याने दूधबाटल्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, त्यामुळे ही माहिती इस्पितळातच विचारून घ्यावी लागते. दुभंगलेले ओठ-टाळू सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतात. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) तपासणीला जाल तेव्हा पाजायला कोण शिकवेल, हेही विचारा.

काहीही घेतलं तरी बाळाला जवळजवळ बसतं धरा, आडवं नको. टाळूच्या बाळाच्या नाकातून थोडं दूध येतं, तेवढ्याने घाबरू नका. थांबा, पुसा, पुन्हा सुरू करा. एका वेळचं पाजणं अर्ध्या तासापलीकडे जात असेल तर दूध मिळतंय त्याहून जास्त ताकद खर्च होतेय. तेव्हा बाटली किंवा पद्धत बदला. ओठ निळसर पडले, प्रत्येक घोटाला खोकला आला किंवा वजन वाढेना, तर बाटल्या बदलत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे; ओठ निळसर असतील तर ताबडतोब.