खोक्यावर एक नंबर, लेन्सवर दुसरा

महागडी लेन्स ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. नवी म्हणून वापरलेली, खराब लेन्स गळ्यात मारतात, आणि यात नुसते पैसे अडकत नाहीत. माल परत द्यायला गेलं की अदलाबदलीचा संशय ग्राहकावरच येतो, आणि विकणाऱ्याची सगळी भिस्त त्यावरच असते.

मी ऐरोलीत राहते. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य घराजवळच आहे. हिवाळ्यात पक्षी उतरायला लागले की भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून आमची बोटीच्या बुकिंगची धावपळ सुरू होते. बोटीतूनसुद्धा थवे लांबच असतात. माझ्या 300 एमएमच्या लेन्सवर थवा येतो, पण एकट्या पक्ष्याची चोच, डोळा, पंखाखालचा गडद गुलाबी रंग मिळत नाही. म्हणून 150-600, म्हणजे 600 एमएमपर्यंत जवळ आणणारी झूम लेन्स, घ्यायची इच्छा खूप दिवसांची होती. या वर्गातली लेन्स पाऊण-एक लाखाच्या घरात जाते. घरखर्चातून बाजूला काढत काढत ते पैसे जमवले होते.

एका मोठ्या शॉपिंग साइटवर तीच लेन्स दुकानापेक्षा बरीच स्वस्त दिसली. साइट ओळखीची होती, विक्रेता मात्र तिसराच कोणी. वर्णनात ‘ब्रँड न्यू, सीलबंद, वॉरंटीसह’ असं लिहिलेलं होतं आणि चांगले अभिप्रायही होते. पार्सल वेळेवर आलं. मी मोबाइल स्टँडवर लावून, कुरिअरच्या लेबलपासून थेट लेन्स हातात येईपर्यंत सलग व्हिडिओ केला. पुढे सगळा निकाल या व्हिडिओवरच लागला.

खोकं बाहेरून चकाचक होतं, वर पारदर्शक सील. पण सीलला फार किंमत देऊ नका. कितीतरी लेन्सच्या खोक्यांना कंपनीचं सील नसतंच, आणि तसं सील कोणीही लावू शकतो. मला आधी खटकलं ते आयातदाराचं स्टिकर. ते नव्हतंच, त्या जागी डिंकाचा चौकोनी डाग होता. परदेशातून आलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, कुठल्या देशातला माल आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापलेला असावा लागतो. 2011 च्या वजन-मापविषयक नियमांत ते स्पष्ट आहे.

मग मागची टोपी काढली. माउंटची, म्हणजे लेन्स जिथे कॅमेऱ्याला बसते तिथली, धातूची कडी कॅमेऱ्यावर फिरून फिरून घासली की तिच्यावर बारीक गोलाकार ओरखडे उठतात. इथे ते पूर्ण वर्तुळभर होते. कडीच्या स्क्रूंपैकी दोघांच्या खाचा पेचकस घसरल्यासारख्या झिजलेल्या, म्हणजे लेन्स कुणीतरी उघडली होती. मोबाइलचा टॉर्च मागून मारला तर आतल्या काचेवर धूळ, आणि एका कडेला बुरशीचा कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा. शेवटी नंबर पाहिले. खोक्यावरचा आणि लेन्सच्या नळीवरचा सिरियल नंबर वेगळा होता.

तरी खात्री करायला समोरच्या इमारतीच्या नावाची पाटी टिपली. डावीकडची अक्षरं स्वच्छ आली, उजवीकडची मऊ. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) बारीक केलं तरी फारसा फरक पडला नाही. फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेरे दुरुस्त करणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी लेन्स हातात घेऊन झूमची रिंग दोनदा फिरवली आणि म्हणाले, ‘‘ताई, ही पडलेली आहे. आतला काचेचा गट हललाय. बाहेरून पुसून दिलीय फक्त.’’

परत करायचा अर्ज त्याआधीच टाकला होता. नेणारा मुलगा आला. त्याच्या मोबाइलमध्ये तपासणीची यादी होती, त्यात खोक्यावरचा नंबर वस्तूवरच्या नंबराशी जुळवायचा असतो. तो बिचारा म्हणाला, ‘‘मॅडम, नंबर मॅच होत नाही. मी नेली तर माझ्यावर येईल.’’ आणि गेला. संध्याकाळी मेसेज आला: ग्राहकाने वेगळी वस्तू दिल्यामुळे परतावा नाकारला. खोटा नंबर पाठवायचा त्यांनी आणि त्याच नंबरावरून ठपका माझ्यावर. राग या गोष्टीचा आला, आणि अजूनही येतो. नेरूळच्या तळ्यावर भेटणाऱ्या एका काकांना याच विक्रेत्याने असंच फसवलं होतं. पेन्शनीतले पैसे होते. त्यांच्याकडे व्हिडिओ नव्हता, म्हणून त्यांचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

मग बिल नीट वाचायला घेतलं. पत्ता मुंबईचा होता, जीएसटी क्रमांक मात्र 07 ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा 27, दिल्लीचा 07. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कोणताही क्रमांक टाकून नाव फुकट पाहता येतं. तिथे भलतंच नाव निघालं आणि नोंदणी रद्द झालेली. बिलावर मालाचं वर्णन नुसतं ‘कॅमेरा ॲक्सेसरी’. लेन्सचं मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. असं बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलात तर वॉरंटीचं नावही काढता येत नाही.

साइटच्या चॅटवर बोलून काही होत नाही, तिथे प्रत्येक वेळी नवा माणूस आणि तेच ठरलेलं उत्तर. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. त्याचं नाव आणि ईमेल साइटच्या तळाशी बारीक अक्षरात सापडतो. मी व्हिडिओ, दोन्ही नंबरांचे जवळून काढलेले फोटो, डिंकाचा डाग, जीएसटी पोर्टलचा स्क्रीनशॉट आणि कारागिराची लेखी चिठ्ठी त्या ईमेलवर पाठवली. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवली. क्रेडिट कार्डाच्या बँकेलाही व्यवहारावर हरकत कळवली. हेल्पलाइनवरून तक्रार कंपनीकडे गेल्यावर तिकडची भाषा एकदम बदलली. आधी अर्धे पैसे कूपनमध्ये देतो म्हणाले, मी नाही म्हटलं. शेवटी पूर्ण रक्कम कार्डावर परत आली.

नसती आली तर ग्राहक आयोगात जाणार होते. 2019 च्या कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीत असो वा आणखी कुठे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, आणि अर्ज ऑनलाइनही होतो. नेरूळच्या काकांचे कागद आम्ही आता त्यासाठीच जमवतोय. व्हिडिओ नसला तरी त्यांच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक माझ्या बिलावरचाच आहे.

तो विक्रेता साइटवरून गेला, पण तीच लेन्स, तेच फोटो आणि ‘ब्रँड न्यू, सीलबंद’ हेच शब्द दुसऱ्या नावाने पुन्हा दिसू लागलेत. अशा कुणाकडून घेत असाल तर पैसे भरण्याआधी त्याला आयातदाराच्या स्टिकरचा फोटो मागा आणि बिलावर सिरियल नंबर लिहून देणार का, ते विचारा. मी नव्या नावावर दोन्ही विचारून पाहिलं. उत्तर आलेलं नाही.