"१९६८ ते १९७६ साठी फिट": एमजीबीतला अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर, आठ महिन्यांनंतर

खोक्यावर ठसठशीत छापलं होतं: "एमजीबी, १९६८ ते १९७६. कुठलाही बदल न करता बसतो." एमजीबी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. माझी गाडी १९७१ ची, म्हणजे या पट्ट्यात अगदी मधोमध. खोक्यात रेडिएटर, विजेचा पंखा आणि बसवायच्या पट्ट्या-बोल्ट असं सगळं किट होतं. शनिवारी सकाळी जुना रेडिएटर काढायचा, नवा लावायचा आणि संध्याकाळी एक चक्कर मारून यायची असा हिशेब होता. गाडी रस्त्यावर आली ती तिसऱ्या शनिवारी.

आठ महिने आणि साधारण साडेचार हजार किलोमीटर झालेत, त्यामुळे आता रागही शांत झालाय आणि कौतुकही. आधी कौतुक. थंड ठेवण्याचं काम हा रेडिएटर चोख करतो. मूळ पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी सिग्नलला उभी असते, इंजिन मंद चालू असतं, तेव्हा पंखाही मंद. म्हणजे हवेची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच ती सगळ्यात कमी. किटमधला विजेचा पंखा इंजिन मंद असलं तरी आपल्या वेगाने फिरतो. पूर्वी दहा मिनिटं गर्दीत अडकलं की तापमानाचा काटा चढायला लागायचा आणि माझा जीवही वर-खाली व्हायचा. आता काटा थोडा उठतो, पंखा सुरू झाल्याचा आवाज येतो, काटा परत जागेवर. थर्मोस्टॅट तोच ठेवलाय, ८२ अंशांचा.

आता "बसतो" या शब्दाबद्दल.

रेडिएटर गाडीत बोल्ट होतो तो दोन्ही बाजूंच्या आतल्या मडगार्डांमध्ये बसवलेल्या पत्र्याच्या आडव्या चौकटीला. किटच्या पट्ट्यांना चार भोकं. वरची दोन जुळली. खालची दोन जवळजवळ अर्धं भोक बाजूला. पहिल्यांदा मी रेडिएटरलाच शिव्या घातल्या. मग चौकटीतली मूळ भोकं नीट पाहिली, तर ती गोल नव्हतीच, लांबट होती. म्हणजे कारखान्यालाही ठाऊक होतं की प्रत्येक गाडीत इकडे-तिकडे सरकवावं लागणार. त्या काळी पत्रे साच्यात धरून माणसं वेल्डिंग करायची. एक-दोन मिलिमीटरचा फरक हा दोष मानला जात नव्हता, तो लांबट भोकात जिरायचा. नव्या रेडिएटरच्या पट्टीत मात्र गोल भोकं, तीही अगदी बोल्टाच्या मापाची. अर्धा तास कानस चालवली आणि तो प्रश्न मिटला.

बोल्टांचंही सांगतो, कारण इथे नुकसान होऊ शकतं. गाडीतले आटे इंची, युएनएफ (म्हणजे बारीक आट्यांचं इंची माप). किटमधले बोल्ट ८ मिलिमीटरचे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे हा बोल्ट हाताने दीड-दोन फेरे गुमान आत जातो आणि मग घट्ट होतो. वाटतं, गंज असेल, पान्हा लावू. लावू नका. मी एका ठिकाणी लावला, आणि त्या नटाचे आटे गेले ते गेलेच. जुने बोल्ट साफ करून तेच वापरा.

खरी गंमत पंख्याने केली. पंखा रेडिएटरच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवायचा. त्याची जाडी ५२ मिलिमीटर. मोजपट्टी घेऊन रेडिएटरची जाळी ते वॉटर पंपाच्या पुलीपर्यंतचं अंतर मोजलं: डाव्या कडेला ५८, उजव्या कडेला ४९. एकाच गाडीत, एकाच पुलीपासून! दोनदा मोजलं. मग दोरी घेऊन इंजिन बेचे, म्हणजे बॉनेटखालच्या इंजिनाच्या जागेचे, दोन्ही कर्ण मोजले, तर त्यांच्यात ६ मिलिमीटरचा फरक. बॅटरीवर चालणारा दिवा घेऊन आत डोकं घातलं तेव्हा उजव्या मडगार्डाच्या आतल्या बाजूला, रंगाखाली, जुन्या वेल्डिंगची एक रेघ दिसली. कधीतरी, माझ्याकडे यायच्या कितीतरी आधी, या गाडीने पुढून मार खाल्लाय. बाहेरून बॉनेटच्या फटी बघून मला हे कधी कळलं नसतं. रेडिएटरच्या खोक्याला तर कसं कळावं?

त्यात भर म्हणजे माझं इंजिन. गाडी १९७१ ची, पण आत बसलंय नंतरच्या मालिकेतलं १८व्ही. एमजीबीत हे सर्रास सापडतं. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन वर्षानुवर्षं तेच राहिलं, एकाचं दुसऱ्यात जातं, म्हणून मागच्या मालकांनी जे हाताला लागलं ते बसवलं. पण इंजिन जातं म्हणजे त्याच्यावरचं सगळंच जागच्या जागी येतं असं नाही. मिस्त्रींनी दोन जुने वॉटर पंप शेजारी ठेवून दाखवले, एकाचं नाक दुसऱ्यापेक्षा सरळसरळ लांब. आणि इंजिनाखालचं रबर बसलेलं असेल तर सगळं इंजिनच खाली झुकतं. माझी दोन्ही रबरं बदलली तेव्हा उजव्या बाजूला ३ मिलिमीटर परत मिळाले. ४९ चे ५२ झाले. पंखा ५२!

शेवटी पंखा पुढच्या बाजूला नेला, हवा ओढण्याऐवजी ढकलायला. हे करताना नुसत्या तारा उलट करून भागत नाही, पातीही काढून उलटी बसवावी लागते, नाहीतर पंखा फिरतो पण हवा निम्मीही जात नाही. पुढे ऑइल कूलरच्या पाइपांशी थोडी भांडणं झाली, ती रबरी नळीचा तुकडा गुंडाळून मिटवली. (१९६७ पर्यंतच्या गाडीत असला पंखा घालणाऱ्यांनी आधी अर्थिंग बघावं. त्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला असतं. तारेचा रंग बघून जोडलं तर पंखा आपसूक उलटा फिरेल.)

मित्राची गाडी १९७५ ची, काळ्या रबरी बंपरची. तीही याच पट्ट्यात येते. त्याने तेच खोकं आणलं. त्याच्या गाडीत पंख्यामागे अंगठाभर जागा उरली, पण रेडिएटरचं टोपण बॉनेटला टेकलं. आम्ही टोपणावर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती थापून बॉनेट बंद केलं आणि उघडलं, तर माती कागदासारखी चपटी. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. १९७३ मध्ये कारखान्याने साडेतीन लिटरचं व्ही८ इंजिन घातलेली जीटी (एमजीबीचीच बंद छताची आवृत्ती) काढली. १९७४ च्या शेवटी रबरी बंपर आले तेव्हापासून चार सिलिंडरच्या गाड्यांनाही इंजिन बे त्याच धर्तीचा मिळाला, इंजिनाची माउंटिंगं बदलली, गाडीची उंचीही वाढवली. म्हणजे "१९६८ ते १९७६" या एका ओळीत निदान दोन वेगळे इंजिन बे आहेत. १९७७ च्या मॉडेलपासून रेडिएटरच पुढे सरकवला आणि कारखान्यातूनच विजेचे पंखे आले. त्या गाड्यांसाठी वेगळं किट मिळतं, म्हणून निदान तिथे घोटाळा होत नाही.

आठ महिन्यांत तक्रारी दोनच. तिसऱ्या महिन्यात खालचा ड्रेन प्लग पाझरायला लागला, वॉशर बदलल्यावर थांबला. आणि वरचा होज पाइप पट्टीच्या कोपऱ्याला घासून त्यावर चकचकीत रेघ उमटली होती. कोपरा घासून गोल केला, पाइप बदलला. हे लक्षात आलं नसतं तर एक दिवस रस्त्यातच वाफेचा फवारा उडाला असता. कूलंट अ‍ॅल्युमिनियमला चालणारं, गंजरोधक असलेलंच घाला. नुसतं नळाचं पाणी नको.

पाचपैकी साडेतीन. रेडिएटरला साडेचार दिले असते, एक गुण खोक्यावरच्या ओळीचा कापला. घेण्यापूर्वी जाळी ते पुली हे अंतर दोन्ही कडांना मोजा, आणि चौकशी करताना नोंदणीचं वर्ष सांगू नका, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही सांगा.

विक्रेत्याला मी या सगळ्या मापांसह पत्र लिहिलं, फोटो जोडले आणि पुढच्या गिऱ्हाइकांसाठी रेडिएटरचं मापांसकट रेखाचित्र द्या अशी विनंती केली. चार दिवसांनी उत्तर आलं: हा भाग १९६८ ते १९७६ च्या सर्व गाड्यांना बसतो.