पॅलिओ १.६ : अकरा महिने, साडेसात हजार किलोमीटर

पुण्यात सहकारनगरमधील एका निवृत्त गृहस्थांकडून मी २००३ सालची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स एक लाख दहा हजारांना घेतली, तेव्हा घरच्यांनी ‘ही चालते का?’ असे विचारले आणि सोसायटीतील एका शेजाऱ्यांनी ‘भंगारात किती येतील?’ असे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता मी खात्रीने देऊ शकतो.

रूढ अर्थाने ही स्पोर्ट्स कार नव्हे. दिसायला ती साधी हॅचबॅकच आहे. मात्र २००१ मध्ये पॅलिओ भारतात आली तेव्हा १५९६ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे, सुमारे १०० बीएचपीचे इंजिन एवढ्या छोट्या गाडीत अपवादानेच मिळे. सचिन तेंडुलकरच्या जाहिरातीमुळे पॅलिओचे नाव घरोघरी पोहोचले, तरी मायलेजचा हिशेब करून बहुतेकांनी १.२ लिटरचीच गाडी घेतली. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले, आणि छोट्या गाडीत मोठे इंजिन बसवण्यात कंपन्यांना फारसे हशील उरले नाही. ज्या गाड्या नव्या असताना थोड्यांनी घेतल्या आणि जुन्या झाल्यावर त्याहून थोड्यांनी सांभाळल्या, त्यांनाच पुढे मागणी येते असे माझे मत आहे, आणि ही गाडी त्यात नेमकी बसते.

तिची खरी ओळख ताम्हिणी घाटात पटते. पहाटे मुळशीचे पाणी मागे टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन चार हजार फेऱ्यांच्या पुढे जाते तसा आवाज बदलतो, स्टिअरिंगमधून रस्त्याचा खरखरीतपणा हाताला जाणवतो आणि खड्ड्यावरून जातानाही गाडी आपली रेषा सोडत नाही. हे सुख फुकटचे नाही. शहरात मला लिटरला नऊ, तर महामार्गावर साडेबारा किलोमीटर मिळतात; सिंहगड रस्त्याच्या संध्याकाळच्या कोंडीत तर हा हिशेब न केलेलाच बरा.

चौथ्या महिन्यात पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला. मेकॅनिकने इंधनाची नळी काढून माझ्या हातावर ठेवली, तेव्हा बोटे काळी झाली आणि किंचित वाकवताच रबराला केसासारख्या भेगा दिसल्या. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही हे खरे, पण बावीस वर्षांच्या नळीचा सारा दोष इथेनॉलच्या माथी मारणे मला पटत नाही. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि सील घातल्यावर वास थांबला. अशी गाडी घेणाऱ्याने हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावे.

टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या पट्ट्याची, कथा अधिक तापदायक ठरली. आधीच्या एका गॅरेजने पट्टा नवा घातला होता, पण तो ताणून धरणारा टेन्शनर जुनाच ठेवला होता. त्याचे बेअरिंग थंड इंजिनावर करकरत असे. पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या घरात जाते, म्हणून जुना टेन्शनर वर्तमानपत्रात गुंडाळून मी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने विचारले, “वन पॉइंट टू का सिक्स?” ‘सिक्स’ ऐकताच त्यांनी स्टूल पुढे सरकवले. “मग बसा काका, वेळ लागेल.” तीन दुकाने आणि दोन शनिवार गेल्यावर तो मिळाला. फियाटने भारतात गाड्या विकणे थांबवल्यापासून सुट्या भागांचे गणित असेच ओळखीवर चालते.

नोंदणीचे आधीच्या मालकांनी २०२३ मध्ये केलेले नूतनीकरण २०२८ पर्यंत चालेल. वीस वर्षांहून जुन्या मोटारींचे हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाले आहे. नियमाप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला गाडीची पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे माझ्या पॅलिओला २०५३ उजाडेल. नाना पेठेतल्या त्या दुकानदाराकडून मी टेन्शनरचे आणखी दोन नग घेऊन कपाटात ठेवले आहेत.