बोटीच्या तळाचा लाल रंग, सहा महिन्यांनी: रंग पास, जाळी नापास

सप्टेंबरात बोट पाण्यात सोडायच्या आधी मालवणातल्या एका दुकानातून तळाला लावायचा लाल अँटिफाउलिंग पेंट (समुद्री जीव चिकटू न देणारा रंग) घेतला, चार लिटरचा डबा, साडेपाच हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार अर्धी त्यांच्याबद्दल आणि अर्धी माझ्याचबद्दल आहे. बोट २४ फुटी फायबर, आत डिझेल इंजिन, देवबाग-तारकर्लीला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला फिरवतो, धंदा नसेल तेव्हा कर्लीच्या खाडीत उभी.

आधी चांगलं सांगतो. पौर्णिमेच्या उधाणाला फेब्रुवारीत बोट वाळूवर घेतली तर सपाट तळ अक्षरशः स्वच्छ, नुसता बुळबुळीत हिरवा थर, ओल्या गोणपाटाने पुसला की गेला. त्याच्या आदल्या वर्षी साधा ऑइल पेंट मारला होता तेव्हा पत्र्याने खरवडायला दोघांना दोन दिवस लागले होते आणि माझ्या बोटांची चाळण झालेली. म्हणजे रंगातलं तांबं काम करतं, ते हळूहळू पाण्यात सुटत राहतं आणि बार्नेकलचं (तळाला घट्ट चिकटणारा कवचवाला जीव) पिल्लू तिथे टिकत नाही. फक्त डबा उघडल्यावर नीट ढवळा! तांबं सगळं तळाशी बसून दगड झालेलं असतं, मी पाच मिनिटं काठी फिरवून मोकळा झालो आणि पहिला कोट नुसतं गुलाबी पाणी, मग परत अर्धा तास घालवला. डब्यावर लिहिलंय दोन कोट होतील, आमच्याकडे दुसऱ्या कोटाला नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, रंग संपला. हे खटकलं. आणि अ‍ॅल्युमिनियमला हा रंग लावू नका, आउटबोर्डवाल्यांनी (ज्यांचं इंजिन बोटीबाहेर लटकतं) खास लक्षात ठेवा, तांब्यामुळे अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

आता खरी गंमत. डिसेंबरपासून इंजिनच्या टेंपरेचरचा काटा वर जायला लागलेला. मेकॅनिकने पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) बदलला, पैसे घेतले, काटा तिथेच. बोट वर घेतल्यावर इंजिनला थंड पाणी ओढून घेणाऱ्या भोकावरची जाळी काढली तर आत अंगठ्याएवढे शिनाणे (लांबट शिंपले), एकमेकांना धाग्यांनी बांधलेले, मधल्या फटीत बार्नेकल, दोन वाट्या भरल्या. जाळी मी रंगवायच्या वेळी काढलीच नव्हती, वरून ब्रश फिरवला आणि झालं. बाबांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "झिला, रंग कितीय लाव, भोकात काय लावतलंस?"

मावसभाऊ तेव्हा सुट्टीवर आलेला, मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला असतो, एक सीझन अंटार्क्टिकाला सामान नेणाऱ्या जहाजावर काढलाय. तो हसत सुटला. म्हणे तुझं जे झालं तेच तिकडे होतं, फक्त भोक मोठं. मोठ्या जहाजाला तळात पेटी असते, सी चेस्ट म्हणतात, समुद्राचं पाणी तिच्यातून आत घेतात. बर्फातून जाताना बाहेरचा तळ घासून निघतो, रंगही जातो आणि चिकटलेलंही जातं, पण पेटीत बर्फ पोचत नाही, शिनाण्यांना आयतं घर. मला वाटलं थापा मारतोय म्हणून नंतर शोधून वाचलं तर खरं निघालं. दक्षिण आफ्रिकेचं 'एस ए अगुल्हास' हे जहाज, त्याच्या सी चेस्टमध्ये भूमध्य समुद्राकडच्या जातीचे शिनाणे सापडले आणि ते अंटार्क्टिकाची वारी करूनही जिवंत राहिले होते, २००७ मध्ये हे छापून आलंय. २०१९ मध्ये तर तिकडच्या किंग जॉर्ज बेटाच्या खाडीत शिनाण्यांची पिल्लंच सापडली. जहाजं येतात कुठून म्हणाल तर २०२२ च्या एका अभ्यासात अंटार्क्टिकाच्या जहाजांचा संबंध जगभरातल्या १,५८१ बंदरांशी निघाला.

सगळा दोष जहाजांचाच असंही नाही हां. २०१८ मध्ये कळलं की त्याच बेटाच्या किनाऱ्यावर जे समुद्री शेवाळाचे मोठे पट्टे लागले होते ते कर्गेलेन आणि साउथ जॉर्जिया या दूरच्या बेटांहून वाहत आले होते, त्यातले काही २०,००० किलोमीटरहून जास्त, वादळांच्या लाटांवर. आधी लोकांना वाटायचं अंटार्क्टिकाभोवती फिरणारा समुद्राचा प्रवाह म्हणजे कुंपणच, आतलं आत बाहेरचं बाहेर. तर वाट आधीपासून होतीच, तिकडे पोचून जगणं कठीण, गार पाण्यामुळे. आता पाणी तापतंय म्हणून लोक काळजीत. तिकडच्या उथळ समुद्रात शिंपले फोडणारे खेकडे जवळजवळ नाहीत, एकदा का शिनाण्यांनी पाय रोवले की त्यांना खाणार कोण? आपल्याकडे निदान आपण खातो. (त्या दोन वाट्या मात्र टाकून दिल्या, तांब्याच्या रंगाशेजारचे होते, बायकोने टोपाला हात लावू दिला नाही.)

हसू नका, आपल्याकडेही हेच झालंय, मूळचे अमेरिकेकडचे छोटे काळे शिंपले १९६० च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात दिसले आणि मग मुंबईच्या गोदीतही आले, तेही जहाजांबरोबरच.

तर रंगाला पाचपैकी साडेतीन. एक स्टार कमी कोटाच्या खोट्या हिशेबासाठी, अर्धा डब्यावर जाळी, पंख्यामागची फट, शाफ्टची नळी यांचा एक शब्दही लिहिलेला नाही त्यासाठी. दुकानदार बरा आहे, उधारीही देतो, पण त्याच्याकडे एक लिटरचा डबा मिळत नाही. जाळी आणि नाळेसाठी मला तेवढाच हवाय, कोणाकडे अर्धा उरला असेल तर कळवा.