देवबाग रोडवरचे ओबीएमवाले (बोटीची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणारे) मेस्त्री आणि आमची ठसकणारी जेट स्की (४ स्टार, पाचवा का नाही ते खाली आहे)

आधी थोडं मागचं सांगतो नाहीतर रिव्ह्यू कळणार नाही. माझ्याकडे आणि मामेभावाकडे मिळून एक जुनी यामाहा वेव्हरनर आहे, ७०१ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलेंडर, दोन मिकुनी कार्ब (कार्बुरेटर, हवा-पेट्रोल मिसळणारे). सेकंड हॅन्ड घेतलेली, धंद्याला नाही, घरच्या घरी खाडीत फिरायला. जून ते ऑगस्ट ती शेडमध्ये पडून होती आणि टाकीत अर्धं पेट्रोल तसंच, हा गाढवपणा आमचाच, तो कुणावर ढकलत नाही. सप्टेंबरात काढली तर चालू एका किकमध्ये, म्हणजे बटणात, आयडल पण मस्त, पण थ्रॉटल दाबला की ब्वॉक करून मान टाकायची. हळूहळू दाबला तर कशीबशी उचलायची.

पहिल्यांदा आम्ही शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपला नेली, नाव घेत नाही. मी ऑनलाइन एक स्वस्तातलं कार्ब किट मागवलं होतं तेच त्यांनी टाकलं, प्लग बदलले, ट्रेलरवरच पाण्याचा पाइप लावून रेस करून दाखवली, आवाज एकदम कडक, साडेनऊ हजार बिल. खुशीत घरी आलो, पाण्यात टाकली आणि आधीपेक्षा वाईट! परत नेली, परत स्क्रू फिरवले, परत तेच. ट्रेलरवर इंजिनाला लोडच नसतो हो, जेट पंपात पाणी नाही तर ते हवेतच फिरतंय, तिथे कुठलीही स्की शूर असते.

मग गावातल्या एकाने या मेस्त्रीकाकांचं सांगितलं. खरं सांगतो, दुकान बघून मी निम्मा परत फिरलो होतो. पत्र्याची शेड, बाहेर मच्छिमारांची आउटबोर्ड इंजिनं खांबाला टांगलेली आणि आत रांगेत ग्रास कटर. म्हटलं हा माणूस काजूच्या बागेतली मशिनं रिपेअर करणारा, हा जेट स्कीचं काय करणार. पण गंमत तिथेच आहे. आउटबोर्डच्या कार्बमध्ये फ्लोट असतो, वाटीत पेट्रोल साठतं. जेट स्की लाटेवर आडवीतिडवी होते, कधी पालथीपण होते, म्हणून तिच्यात वाटीच नाही, रबरी पडदा असतो, डायफ्राम, तो ओढला गेला की सुई उघडते आणि पेट्रोल येतं. आणि ग्रास कटरच्या कार्बमध्ये पण हाच पडदा! म्हणजे काका दिवसाला चार पडद्याचे कार्ब उघडतात.

मी सगळी कथा सांगितली तर त्यांनी स्क्रूड्रायव्हरला हात पण लावला नाही. म्हणाले, "खाडयेत घाल आणि चोक वायच ओढून बघ." कर्लीच्या खाडीत नेली, अर्धा चोक ओढून थ्रॉटल दिला तर चक्क उचलली. चोक हवा अडवून पेट्रोल वाढवतो, तो ओढल्यावर सुधारते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, लीन आहे, उलट अजून गुदमरली असती तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. दोन मिनिटांचा फुकटचा टेस्ट, आणि मी दोन महिने घालवले. काका फक्त एवढंच म्हणाले, "ह्या इंजिन उपाशी ठेवल्यानी."

परत शेडमध्ये आणून पहिलं कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) घेतलं, एकाला १४५ एकाला १४० पीएसआय, ठीक. मग आयडलवर कार्बच्या बुडाशी साबणाचं पाणी मारून बघितलं, आवाज बदलला नाही म्हणजे गॅस्केटमधून हवा घुसत नाहीये. त्यानंतर स्क्रू मोजले. लो स्पीडचा स्क्रू आत फिरवत फिरवत बसेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजायचं असतं, आमचे दोन्ही अर्धा फेरासुद्धा बाहेर नव्हते. "कोणी आवळल्यान?" विचारलं, मी वर्कशॉपचं सांगितलं, तर हसायलाच लागले. "ही काय आरएक्स हंड्रेड नाय रे."

मला तेव्हा कळलं काय झालं होतं. आरएक्स बाइकच्या कार्बला एअर स्क्रू असतो, तो आत घेतला की हवा कमी होते, मिक्स्चर रिच. आमच्या मिकुनीचे स्क्रू पेट्रोलचे आहेत, आत घेतले की पेट्रोलच कमी. त्या पोरांना बाइकची सवय, लीन वाटली म्हणून स्क्रू आवळत गेले आणि दर खेपेला तिला अजून उपाशी मारत गेले. असं अजून थोडं फुल थ्रॉटल मारलं असतं तर पिस्टनच जाम झाला असता, कारण टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमधूनच आत जातं, आम्ही ५०:१ (५० भाग पेट्रोल, १ भाग ऑइल) मिक्स टाकतो, पेट्रोल कमी म्हणजे ऑइल पण कमी.

मग कार्ब खोलले. पंपाच्या झाकणाखाली नखाएवढी जाळी असते ती मला माहीतच नव्हती, त्यावर चिकट पांढुरका थर, पावसाळ्याचं पेट्रोल. आणि खरा घोळ माझ्या किटचा. काकांनी गेजवाला छोटा हातपंप लावून सुई किती दाबाला उघडते ते बघितलं, सुई ओली करून, कोरडी असली तर आकडा खोटा येतो म्हणे. एक १८ पीएसआयला उघडली, दुसरी ३२ ला! सारखेच कार्ब, सारखंच किट, आणि स्प्रिंगा वेगवेगळ्या कडकपणाच्या. नशिबाने वर्कशॉपने जुना माल पिशवीत घालून परत दिला होता. त्यातल्या तांदळाएवढ्या स्प्रिंगा शोधून, पेट्रोलने धुऊन परत बसवल्या आणि दोन्ही जवळजवळ एकाच आकड्यावर आल्या. किटवाल्याचे पैसे पाण्यात.

ट्यूनिंग मात्र पाण्यातच, दुसरीकडे करतच नाहीत. स्क्रू एक फेरा बाहेर ठेवून सुरुवात, मग आठवा हिस्सा, परत आठवा हिस्सा, दर वेळी थांबून थ्रॉटल फाडकन दाबायचा. सव्वा फेऱ्यावर ठसका गेला. आताच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुन्या सेटिंगपेक्षा थोडं जास्त लागतंच असं त्यांचं म्हणणं आणि ते बरोबर आहे, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त सोडावं लागतं. शेवटी मोकळ्या पाण्यात फुल थ्रॉटल मारून लॅनयार्ड (इंजिन बंद करायची दोरी) ओढून इंजिन तिथेच बंद, प्लग काढून बघितला तर भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तपकिरी. पांढरा असता तर काळजी.

मला एक शिवीपण पडली. पाइप लावून धुताना मी आधी नळ सोडला. आधी इंजिन मग पाणी, आणि बंद करताना आधी पाणी मग इंजिन, नाहीतर एग्झॉस्टमधून पाणी सिलेंडरमध्ये. हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पैसे, मजुरी १८०० आणि दोन बीआर८एचएस प्लग. बिल ग्रास कटरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.

आता पाचवा स्टार. फोन उचलत नाहीत, अजिबात. मच्छिमाराचं इंजिन आलं की तुमची स्की बाजूला, मला चार फेऱ्या पडल्या आणि एकदा ओहोटी होती म्हणून ट्रायलच झाली नाही. (त्या दिवशी बांगडा-भात आणि सोलकढी झाली, त्यामुळे अर्धा स्टार परत.) जाणार असाल तर भरतीची वेळ बघून सकाळी आठच्या आत जा, आणि जुने पार्ट कुठल्याच वर्कशॉपमध्ये सोडू नका. काकांनी पहिला प्रश्न मला तोच विचारला होता, "जुनो माल खंय आसा?"