लगमन की पोलो? आधी सांगा, बसून खाणार की घरी नेणार?

व्हर्जिनियात फेअरफॅक्सच्या बाजूला, लाँड्री आणि नेल सलूनच्या मध्ये, सहा टेबलांचं एक उइगुर हॉटेल आहे. उइगुर म्हणजे चीनच्या शिनजियांग प्रांतातला मुस्लिम समाज. अमेरिकेतली सर्वांत मोठी उइगुर वस्ती याच भागात. आम्ही अ‍ॅशबर्नहून तिथे तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा कुलूप, दुसऱ्यांदा पोलो संपलेला. तेव्हा जाणार असाल, तर ठरवून जा.

बसून खाणार असाल तर लगमनच घ्या, म्हणजे हाताने ओढलेल्या नूडल्स. मिठाच्या पाण्यात मळलेल्या मैद्याला तेल चोपडून, वळकटी करून तो मुरत ठेवतात आणि ऑर्डर आली की हाताने ओढतात. आतून ओट्यावर थाड थाड आपटल्याचा आवाज आला, की आपली प्लेट येतेय म्हणून समजायचं. वर मटण, ढोबळी मिरची आणि टोमॅटो मोठ्या आचेवर परतून घालतात, त्याला म्हणतात सेय. नूडल्सचा एकेक धागा हातभर लांब; चमच्याने खायचा प्रयत्न करून शर्ट वाया घालवू नका. पार्सलमध्ये सेय वेगळं देतात खरं, पण घरी पोचेस्तोवर नूडल्सचा गड्डा झालेला असतो.

पार्सल न्यायचं तर पोलो. नावावरून ओळखलंत, आपला पुलावच. कझान नावाच्या जाड कढईत मटण, कांदा, भरपूर गाजर आणि वर तांदूळ. लवंग-वेलची शोधू नका. मीठ, जिरं आणि गाजराची गोडी, बस्स. जिऱ्याला त्यांच्यात झिरे म्हणतात, त्यामुळे तेवढं तरी ओळखीचं वाटतं. आपल्या जिभेला पहिला घास फिका लागेल. टेबलावर लाझा, म्हणजे तेलातलं तिखट असतं, ते घ्या. दुसऱ्या दिवशी गरम केला तरी पोलो बिघडत नाही. मला तर तो जास्तच आवडला.

चौघं-पाच जण असाल तर दापांजी मागवा. हाडांसकट कोंबडी, बटाटा, चक्रीफूल आणि रश्श्यात रुंद नूडल्स. एकट्याने मागवलंत तर वेटरच काळजीने बघेल. शाकाहाऱ्यांना पोलो बादच. लगमन बिनमटणाचं करून देतात, पण कढई तीच असते. चालणार नसेल तर नान आणि चहावर भागवावं लागेल.

एक सांगून ठेवतो. गप्पांच्या ओघात मालकाला ‘गावाकडे सगळे बरे ना?’ असं सहज विचारू नका. २०१७ पासून शिनजियांगमध्ये जी धरपकड झाली, तिच्यात अनेकांचा घरच्यांशी फोनसुद्धा तुटला. मी विचारलं होतं. तो चहा आणायला आत गेला.

आणि निघण्याआधी फोन करा. ‘उघडं आहे का’ एवढंच नको, ‘पोलो उरलाय का’ तेही विचारा. तिसऱ्या खेपेला आम्ही विचारलं, तेव्हा उत्तर आलं, “दोनच प्लेट आहेत, बाजूला काढून ठेवू?”